राखीव वायर

संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी शाळेचा पंचवीस वर्षांचा इतिहास लिहून द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हांस कळविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने जे करावयाचे असते तेच आम्ही केले. आधी कागद मागितले. कार्यालयाच्या कपाटातून इतिवृत्तांची रजिस्टरे निघाली. काहींना वाळवी लागलेली, काहींची पाने ओलीने एकमेकांस चिकटलेली. पहिल्या वर्षीची पत्र्याची खोली, विहाराच्या ओसरीवर भरलेला पाचवीचा वर्ग, धान्य गोळा करण्यासाठी गावोगाव फिरलेला उसना टेम्पो, हे सारे त्यांत आहे आणि ते कोणी तरी आमच्यापेक्षा बऱ्या हाताने लिहील. आम्ही मात्र अलीकडच्या एका पानावर अडलो. खरेदी समितीचा ठराव आहे, तीन ओळींचा. क्रीडाशिक्षकांनी तलवारबाजीसाठी राखीव बॉडी वायर व एक जादा फॉइल यांची मागणी केली, एक संच चालू स्थितीत असल्याने तूर्त आवश्यकता नाही, सर्वानुमते मंजूर. खाली सह्या आहेत. दुसरी सही आमची आहे.

म्हणून हा लेख शाळेच्या इतिहासाचा नाही. त्या तीन ओळींचा आहे.

तलवारबाजी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतला दांडपट्टा येतो किंवा सिनेमातली लढाई. हा खेळ तो नव्हे, आणि आपल्या बहुतेक पालकांनी तो पाहिलेलाही नाही, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. १४ मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद अशा पट्टीवर दोन खेळाडू समोरासमोर उभे राहतात. शस्त्रे तीन प्रकारची : फॉइल, इपी आणि सेबर. (शेवटच्याला आमच्या मुली ‘सायबर’ म्हणतात, आम्ही दुरुस्त करणे सोडून दिले आहे.) आपल्या शाळेत फॉइल खेळतात. तिचे वजन ५०० ग्रॅमहून कमी, पाते बारीक व लवचिक, त्याला धार नाही, आणि टोकाशी दाबले जाणारे एक बटण. प्रतिस्पर्ध्याच्या धडावर धातूच्या धाग्यांनी विणलेले जॅकेट असते. त्यावर हे टोक पुरेशा दाबाने टेकले की यंत्रावर रंगीत दिवा लागतो. हातापायांवर टेकले तर पांढरा दिवा लागतो आणि गुण मिळत नाही. हे सारे विजेवर चालते. खेळाडूच्या बाहीतून पाठीकडे जाणारी एक वायर तिच्या शस्त्राला यंत्राशी जोडते. तीच बॉडी वायर. ती आतून तुटली, तर वार कितीही अचूक असो, दिवा लागत नाही.

यासाठीच नियम असा आहे की खेळाडूने पट्टीवर येताना किमान दोन शस्त्रे आणि दोन वायरी, चारही चालू स्थितीत, सोबत आणाव्यात. नसतील तर पंच पिवळे कार्ड दाखवितो. तोच दोष पुन्हा आढळला तर लाल कार्ड, आणि समोरच्या खेळाडूला एक गुण बहाल.

ज्या मुलीविषयी आम्ही लिहीत आहोत तिचे नाव येथे देत नाही. ती अजून शिकते आहे, आणि हरलेल्या सामन्यासाठी स्मरणिकेत नाव छापून येणे तिला रुचणार नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्या धंद्याच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. हंगाम लागला की गाव रिकामे होते आणि मुली एकतर पालावर जाऊन धाकटी भावंडे सांभाळतात, नाहीतर मागे आजीपाशी राहून शाळेतून हळूहळू गळतात. ही पाचवीत आपल्या वसतिगृहात आली. प्रवेशाच्या दिवशी तिच्या आईने आम्हांस कारण स्पष्ट सांगितले होते. “मोठीचं पंधराव्या वर्षी उरकलं सर. हिचं तसं व्हायला नको.” बाकी काही बोलली नाही. फॉर्मवर अंगठा न देता सही केली, ती मात्र सावकाश, प्रत्येक अक्षर जुळवून.

क्रीडाशिक्षकांनी या खेळाची सुरुवात केली ती बांबूच्या काठ्यांनी. आम्ही तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. पुढे वाचनात आले की चेन्नईच्या भवानी देवी, ज्या ऑलिंपिकमध्ये खेळणाऱ्या भारताच्या पहिल्या तलवारबाज ठरल्या, त्यांनीही शाळेत आरंभीचा सराव बांबूच्या काठ्यांवरच केला होता. टोकियोत २०२१ साली त्यांनी पहिला सामना १५–३ असा जिंकला आणि दुसरा फ्रान्सच्या खेळाडूकडून हरल्या. त्यांच्या कारकिर्दीतील आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी एक गोष्ट. चौदाव्या वर्षी, पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, तीन मिनिटे उशीर झाला म्हणून त्यांना काळे कार्ड मिळाले आणि स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. हा खेळ नियमांच्या बाबतीत दया दाखवीत नाही. ही तक्रार नव्हे. नियम सर्वांना सारखा असला की आपल्या मुलांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते नियम पाळण्याची साधने सारखी नसली की.

विभागीय शालेय स्पर्धा छत्रपती संभाजीनगरला होती. सतरा वर्षांखालील मुलींचा गट. संघासोबत जाणाऱ्या शिक्षिका आजारी पडल्या, म्हणून आयत्या वेळी आम्ही गेलो. एरवी आम्ही खेळाच्या मैदानापासून लांबच असतो. सकाळच्या साखळी सामन्यांत, जे पाच गुणांचे असतात, ती पाचपैकी चार जिंकली. तिचे जॅकेट कोणा निवृत्त खेळाडूकडून जुने घेतलेले होते आणि त्याच्या पाठीवर त्या खेळाडूचे आडनाव ठळक अक्षरांत छापलेले होते. दिवसभर आमची मुलगी त्या परक्या आडनावाने खेळली. प्रेक्षकांतून एक गृहस्थ त्याच आडनावाने तिला उत्साहाने प्रोत्साहन देत होते. बहुधा त्यांना ती आपल्यातली वाटली असावी. आम्हांस ते सहन होईना. चिकटपट्टी लावून ते झाकू या, असे आम्ही तिला सुचविले. ती म्हणाली, “राहू द्या सर, मला कुठं दिसतंय.” मास्कच्या जाळीआड चेहरा दिसत नाही, सगळ्या सारख्या दिसतात, असे या खेळाचे कौतुक आम्ही नंतर एका लेखात वाचले. लेखकाने पाठीकडून पाहिलेले दिसत नाही.

उपांत्यपूर्व फेरीत समोर शहरातल्या एका प्रशिक्षण केंद्राची मुलगी आली. तिच्याजवळ चाकांची लांब पिशवी होती. सामन्यापूर्वी साहित्याची तपासणी झाली. आमची पहिली वायर चालली. दुसरी, जी वास्तविक मोडीत काढलेली होती आणि क्रीडाशिक्षकांनी काळी पट्टी गुंडाळून आशेवर आणली होती, ती चालली नाही. पिवळे कार्ड.

१५ गुणांचा सामना. ती ११–८ अशी पुढे होती. तोवरचा तिचा खेळ आम्हांस कळला तेवढा सांगतो. फॉइलमध्ये जो आधी आक्रमण करतो त्याचा हक्क पहिला. पण समोरच्याने ते पाते आपल्या पात्याने बाजूला सारले की हक्क त्याच्याकडे येतो आणि प्रत्युत्तराचा गुण त्याला मिळू शकतो. ती पुनःपुन्हा तेच करीत होती. मागे सरायची, अडवायची, आणि मग सरळ वार. नंतर तिचा एक वार लागला आणि दिवा लागला नाही. दुसरा लागला, पाते कमानीसारखे वाकलेले आम्हांस खुर्चीवरून दिसले, दिवा नाही. समोरची मुलगी या गोंधळात तीन गुण मिळवून गेली. तेव्हा कुठे आमच्या मुलीने हात वर करून तपासणी मागितली. तिला वाटत होते की आपलाच वार हलका पडतो आहे. वायर मेलेली निघाली. बदलायला जी होती ती आधीच नापास झालेली. लाल कार्ड. ११–१२.

आता खेळ थांबणार, असे आम्ही धरून चाललो होतो. एवढ्यात समोरच्या मुलीच्या प्रशिक्षकांनी त्या लांब पिशवीतून एक वायर काढली आणि पट्टी ओलांडून आणून दिली. काही बोलले नाहीत. आम्ही त्यांचे आडनाव विचारले नाही. ते न विचारता आपण परत आलो हे आमच्या लक्षात परतीच्या बसमध्ये आले, आणि आमच्या वयाच्या माणसास त्याचे थोडे आश्चर्य वाटले.

ती १३–१५ अशी हरली. लाल कार्ड नसते तर जिंकली असती काय? सांगता येत नाही. समोरची मुलगी चांगली होती. पण जो सामना ती खेळली, तो पुरता तिचा नव्हता, एवढे खरे. शेवटी मास्क काढून शस्त्राने वंदन करावयाचे असते : प्रतिस्पर्ध्याला, पंचाला, प्रेक्षकांना. ते केल्याशिवाय सामना संपत नाही. तिने केले. तिच्या कपाळावर मास्कचा वळ उठला होता.

परतीच्या वाटेवर विद्यापीठाचा विषय निघाला. १४ जानेवारी १९९४ रोजी त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले तेव्हा आम्ही तेथे इतिहास विभागात होतो. त्या नावासाठी सोळा वर्षे माणसे मारली गेली, घरे जळाली. ते सर्व मुलींना सांगण्याचा आमचा नेहमीचा बेत होता. आज त्याच परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे आणि तेथे तलवारबाजी शिकवितात, हेही सांगावयाचे होते. आम्ही सांगू लागलो. ती ऐकत होती. मध्येच तिने विचारले, “सर, दुसरी वायर केवढ्याला येते?”

चौकशी करावी लागेल, असे उत्तर आम्ही दिले. ते खोटे होते. किंमत क्रीडाशिक्षकांच्या प्रस्तावात लिहिलेली होती आणि आम्ही ती वाचून सही केली होती. आता रजिस्टर समोर आहे म्हणून हेही नोंदवितो की त्याच वर्षी स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या शाली व पुष्पगुच्छांवर झालेला खर्च त्या किमतीहून अधिक आहे, आणि त्या ठरावावरही आमची सही आहे.

पुढच्या पालक सभेत आम्ही हा विषय मांडला. वाटले होते, सारे हळहळतील. प्रत्यक्षात वाद झाला, आणि तो बरा झाला.

एक वयोवृद्ध उपासक उभे राहिले. त्यांनी दीक्षाभूमीवरचा १९५६ चा दिवस वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला आहे. त्यांचे म्हणणे असे की पहाटे मुले पंचशील म्हणतात, त्यातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे, आणि संध्याकाळी त्याच मुलांच्या हाती आपण तलवार देतो, हे कसे? अंगुलिमालाने खड्ग टाकून दिले, आपण उचलतो आहोत काय? प्रश्न टाळण्यासारखा नव्हता आणि तो विचारणाऱ्याचा अधिकारही मोठा. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या विवाहाची जी कथा सांगितली आहे, तिच्यात तो नेमबाजीत सर्वांना मागे टाकतो. आणि त्याच ग्रंथात पुढे रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध नको, असे शाक्यांच्या संघात उभा राहून सांगणारा तोच तरुण आहे. ज्याला शस्त्र येत नव्हते त्याने युद्धाला नकार दिला असता तर शाक्यांनी त्याला भित्रा म्हणून बाजूस सारले असते. बाबासाहेबांनी अहिंसा ही तत्त्व म्हणून मांडली, आंधळा नियम म्हणून नव्हे. शिवाय या खेळात द्वेषाला जागाच नाही. रागावलेला खेळाडू हात आखडतो, घाई करतो आणि गुण गमावतो, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल. उपासकांचे पूर्ण समाधान झाले असे नाही. पण पुढच्या आठवड्यात ते सराव पाहायला आले आणि वंदनाचा भाग त्यांनी दोनदा करायला लावला.

दुसरे मत तरुणांचे होते आणि ते आम्हांस अधिक अवघड गेले. काही माजी विद्यार्थ्यांना या मुलीचा फॉइल उगारलेला फोटो हवा होता, १ जानेवारीच्या फलकासाठी. भीमा कोरेगावच्या स्तंभावर जी नावे कोरली आहेत, ‘नाक’ शेवटी असलेली, ती वाचताना आमचाही ऊर भरून येतो. तरीही फोटो देण्यास आम्ही विरोध केला. एक तर मुलगी अल्पवयीन. आणि दुसरे असे की पराक्रमाच्या आठवणीने आपण इतके तृप्त होतो की आज समोर उभ्या असलेल्या मुलीच्या वायरीकडे आपले लक्ष जात नाही. फलकाचा खर्च किती, हे आम्ही त्या तरुणांना विचारले. ते भले निघाले. त्यांनी हिशेब केला आणि गप्प बसले.

तिसरे म्हणणे व्यवहाराचे. खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून खेळ चालू ठेवावा. यात लाजण्यासारखे काही नाही. ऊसतोडीच्या घरातून आलेल्या मुलीने नोकरीचा विचार करू नये, हे सांगणारे आपण कोण? परंतु निव्वळ तेवढ्यासाठी असेल तर ज्या दिवशी मुलगी हरते त्या दिवशी तिच्यावरचा खर्च वाया गेला असे ठरते. आमच्या समितीचे डोके तसेच चालले होते.

इतिहासाचा म्हणून एक मुद्दा येथे मांडतो, कारण तो सभेत बोलून झाला नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि देता न आलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी प्रश्न केला आहे की इतके अन्याय होऊनही या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही. त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र नाकारले, विद्या नाकारली, आणि म्हणून बंड करण्याची शक्तीच काढून घेतली. या दोन नकारांना आपण वेगवेगळे समजतो. आपल्या समाजाचा अनुभव मात्र असा आहे की ती दोन्ही एकाच वाटेने आली आणि एकाच वाटेने गेली. कंपनीच्या व पुढे सरकारच्या पलटणींत महार शिपाई होते, आणि त्या पलटणींच्या शाळांतून त्यांची मुले वाचायला शिकली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. गोपाळबाबा वलंगकर लष्करातूनच निवृत्त होऊन लेखणीकडे वळले. १८९२ च्या सुमारास लढाऊ जातींचा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद करण्यात आली, तेव्हा गेला तो केवळ पगार नव्हे. छावणीतली पाटीही गेली. वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज लिहिला तो त्यामुळे. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत मध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले. त्या अर्ध्या शतकात किती मुले न शिकता राहिली, हे कोणत्याही रजिस्टरात नाही.

आणि हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. नववीच्या मुलांना युरोपचा इतिहास शिकविताना पाठ्यपुस्तकात नसलेली एक गोष्ट आम्ही सांगतो. ऑस्ट्रियातील जर्मन राष्ट्रवादी विद्यार्थी संघटनांनी १८९६ साली वायडहोफेन येथे जाहीर केले की ज्यू माणसाला प्रतिष्ठाच नसते, म्हणून त्याच्याशी द्वंद्व खेळता येत नाही. अपमान झाला तरी ज्यूने तलवार मागायची नाही, कारण त्याचा अपमान होऊच शकत नाही. आपल्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. शेजारच्या हंगेरीत पुढे काय घडले? येनो फुक्स या ज्यू खेळाडूने १९०८ आणि १९१२ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये सेबरचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. एन्द्रे काबोश या दुसऱ्या ज्यू खेळाडूने तेच पदक १९३६ साली घेतले, आणि घेतले ते हिटलरच्या बर्लिनमध्ये. गोष्ट येथे संपली असती तर मुलांनी टाळ्या वाजविल्या असत्या. पण १९४४ साली सक्तमजुरीत असताना बुडापेस्टचा मार्गारेट पूल स्फोटात कोसळला, त्यात काबोश मेले. पदकाने माणूस वाचत नाही. हेही आम्ही मुलांना सांगतो. काही पालकांना ते आवडत नाही.

तलवार हाती घेण्याचा प्रश्न असा प्रथमपासून प्रतिष्ठेचा आहे. समोरच्याला बरोबरीचा मानल्याशिवाय त्याच्याशी हा खेळ खेळताच येत नाही, आणि आपल्या मुलींना त्या पट्टीवर उभे करण्याचे आमच्या मते हेच खरे कारण. पण नुसते उभे करून भागत नाही, हे आम्हांस उशिरा कळले.

‘राखीव’ हा शब्द आमच्या पिढीने टोमणा म्हणून ऐकला. महाविद्यालयात हजेरी घेताना आमच्या नावापुढे आल्यावर एका प्राध्यापकांच्या आवाजात जो फरक पडे, तो अजून कानात आहे. या खेळाच्या नियमांत मात्र राखीव ही सवलत नाही. अट आहे. ज्याच्यापाशी राखीव नाही त्याला दंड होतो. त्या शहरातल्या मुलीच्या पिशवीत तीन वायरी होत्या, एक तर तिने उसनी देता येईल इतकी जास्तीची होती. तिला कोणी राखीववाली म्हटले नाही. आम्ही विचार करू लागलो तसे लक्षात आले की सुस्थितीतल्या घरांतून अशा वायरी सर्वत्र असतात. एका वर्षी परीक्षा हुकली तर दुसऱ्या वर्षी पुन्हा बसण्याची ऐपत, शहरातला मामा, ओळखीचा डॉक्टर, चुकलेला विषय बदलून घेण्याइतकी उसंत. आपली मुले एकाच वायरीवर निघतात. ती चालली तर आपण सत्कार करतो. तुटली तर मुलगा स्वतःलाच दोष देतो, जसा त्या मुलीने आपलाच वार हलका समजून तीन गुण जाऊ दिले. आणि गावी परत जातो. पहिल्या प्रयत्नात यशस्वी झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची यादी या स्मरणिकेत पुढे छापलेली आहे. ती लांब आहे आणि अभिमानास्पद आहे. पहिल्या प्रयत्नात हुकलेल्यांची यादी संस्थेपाशी नाही. आम्ही शोधली.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी अनेकांनी या वर्षी देणगी विचारल्यावर प्रवेशद्वार, कमान, पुतळ्याचा चौथरा यांसाठी रक्कम देण्याची इच्छा कळविली आहे. त्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. कमानीवर दात्याचे नाव कोरता येते, वायरीवर येत नाही, ही अडचण आम्हांस समजते. तरीही आमची विनंती अशी की कमान एक वर्ष थांबली तरी चालेल. आणि ही विनंती केवळ तलवारबाजीपुरती नाही. बारावीत एखाद्या विषयात राहिलेल्या मुलाला वसतिगृहात आणखी एक वर्ष ठेवून घेण्याची तरतूद आपल्या नियमांत नाही. निकाल लागला की त्याने पेटी उचलायची. तो नियम आम्हीच केला आहे, जागा कमी म्हणून. त्याचा फेरविचार व्हावा, असा लेखी प्रस्ताव आम्ही दिला आहे. तो या वेळी नामंजूर झाला तर आमची सही त्याखाली नसेल.

खरेदी समितीच्या नंतरच्या बैठकीत प्रत्येक खेळाडूमागे दोन वायरी आणि दोन फॉइल घेण्याचे ठरले. जॅकेटे नवी येतील, पाठ कोरी. मुलगी आता दहावीत आहे. आईवडील नेहमीप्रमाणे कारखान्याकडे गेले आहेत. दर रविवारी वसतिगृहाच्या फोनवर तिच्या आईचा फोन येतो, आणि ती प्रथम खेळाचे विचारते, अभ्यासाचे नंतर. याबद्दल आम्ही तिला एकदा हटकले, तर ती म्हणाली, “अभ्यासाचं तुम्ही बघताच की सर.”

त्या प्रशिक्षकांनी दिलेली वायर गडबडीत आमच्याकडेच राहिली. यंदाच्या विभागीय स्पर्धेत भेट झाली की परत करावयाची आहे. क्रीडाशिक्षकांनी ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून कपाटात रजिस्टरांच्या शेजारी ठेवली आहे, आणि कोणी वापरू नये म्हणून वर पेन्सिलीने लिहिले आहे : उसनी.